‘आहा-वन’ पहिल्यांदा हाताळताय? कुपीपासून विश्वासार्ह आकड्यापर्यंत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातात शंभर मायक्रोग्रॅम रिकॉम्बिनंट (म्हणजे जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेल्या) मानवी आहा-वन या प्रथिनाची एक छोटी ट्यूब आली. सोबत दोन पानांची माहितीपत्रिका होती आणि गाइडांचं एक वाक्य: ‘ॲक्टिव्हिटी बघून घे,’ म्हणजे प्रथिन खरंच काम करतं का ते तपास. ते बघायला मला पाच महिने लागले. त्यातले चार महिने ज्या चुकांत गेले, त्यांपैकी एकही अवघड नव्हती. कुणी आधी सांगितलं असतं तर त्या झाल्याच नसत्या. म्हणून हे लिहिते आहे, खास करून एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी किंवा जेआरएफ म्हणून कॅन्सर बायॉलॉजीच्या लॅबमध्ये नुकतेच आलेल्यांसाठी.

थोडी ओळख करून घेऊ. पेशीतल्या इतर प्रथिनांना नीट घडी घालायला जी प्रथिनं मदत करतात त्यांना शॅपरोन म्हणतात. एचएसपी९० हा त्यातला मोठा गडी. कॅन्सरपेशीत बिघडलेले, मुळातच डळमळीत असे कितीतरी कायनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी एन्झाइमं) त्याच्या आधारावर तग धरून असतात, म्हणून औषध शोधणाऱ्यांचं त्याच्याकडे लक्ष असतं. जपानमध्ये २०२२ साली पिमिटेस्पिब हे एचएसपी९० रोखणारं औषध आतड्या-जठराच्या एका प्रकारच्या ट्यूमरसाठी मंजूरही झालं. एचएसपी९० एकटा काम करत नाही. त्याच्याभोवती को-शॅपरोनचा, म्हणजे मदतनीस प्रथिनांचा, गोतावळा असतो आणि आहा-वन हा त्यातलाच एक. ३३८ अमिनो आम्लांचं, साधारण ३८ किलोडाल्टनचं हे प्रथिन एचएसपी९० ची एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) तोडण्याची गती वाढवतं. हे काम २००२ साली उजेडात आलं. २००८ मध्ये असंही दिसलं की पेशीतलं आहा-वन कमी केलं तर १७-एएजी या एचएसपी९०-रोधकाला कॅन्सरपेशी जास्त सहज बळी पडतात. आपल्याला त्यात रस आहे तो याचमुळे.

जीनचं नाव एएचएसए१. डेटाबेसमध्ये आणि कॅटलॉगमध्ये या नावानेच शोधा. यीस्टचं आहा-वन वेगळं मिळतं, त्याची लांबी वेगळी आहे, आणि मानवी प्रथिनाच्या सुरुवातीला असलेली सुमारे वीस अमिनो आम्लं त्यात नसतात. ऑर्डर देताना ‘मानवी’ हा शब्द तपासा.

१. आधी काम ठरवा, मग मिलिग्रॅम मोजा

माझा सर्वात मोठा घोटाळा इथेच झाला. शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे खूप, असं मला वाटलं होतं. वेस्टर्न ब्लॉटला (ॲन्टिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीला) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून वापरायचं असेल तर खरोखरच खूप आहे, कारण एका लेनला काही नॅनोग्रॅम पुरतात. पण एटीपीएज ॲसेची (एटीपी किती वेगाने तुटतो ते मोजणाऱ्या चाचणीची) गोष्ट वेगळी.

हिशोब मांडू. प्रथिन ३८ किलोडाल्टनचं, म्हणजे एक नॅनोमोल म्हणजे ३८ मायक्रोग्रॅम. शंभर मायक्रोलिटरच्या एका वेलमध्ये (प्लेटमधल्या एका खळग्यात) १० मायक्रोमोलर हवं असेल तर बरोबर एक नॅनोमोल लागतो. म्हणजे शंभर मायक्रोग्रॅमची ट्यूब अडीच वेलमध्ये संपली! शून्य, १, २, ५, १० आणि २० मायक्रोमोलर अशी साधी मालिका एकदा लावली तरी १४४ मायक्रोग्रॅम जातात. तीन-तीन वेल आणि प्रत्येकासोबत इन्हिबिटर (एचएसपी९०-रोधक) घातलेली जोडी धरली तर जवळपास ०.८७ मिलिग्रॅम. त्याच ३६ वेलना ५ मायक्रोमोलर एचएसपी९० द्यायचं तर दीड मिलिग्रॅम एचएसपी९० वेगळं लागतं. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मगच कोटेशन मागवा.

ब्लॉट, ॲन्टिबॉडीची तपासणी किंवा एलायझाचा स्टँडर्ड एवढंच काम असेल तर विकत घ्या. ॲसे, बाइंडिंग, क्रिस्टल असलं काही असेल तर प्लास्मिड (जीन वाहून नेणारी डीएनएची कडी) मिळवून ई. कोलाय या जिवाणूत स्वतः बनवा. हे प्रथिन ई. कोलायमध्ये बनतं, त्यामुळे नवख्यालाही ते जमतं.

२. कागदपत्रं आणि परवानग्या

विकत घेताना पुरवठादाराकडून हे मागा:

– त्या लॉटचं (एकाच वेळी बनवलेल्या खेपेचं) विश्लेषण प्रमाणपत्र, लॉट नंबरसह
– टॅगसकट (शुद्धीकरणासाठी जोडलेल्या तुकड्यासकट) पूर्ण अमिनो आम्ल क्रम
– साठवणीच्या बफरची पूर्ण रचना
– सुरक्षा माहितीपत्रक
– ‘ॲक्टिव्हिटी तपासली आहे का, असल्यास कशी’ याचं लेखी उत्तर

शेवटचा मुद्दा सोडू नका. कॅटलॉगमधली अनेक प्रथिनं फक्त जेलवर शुद्ध दिसतात, एवढंच त्यांच्याबद्दल तपासलेलं असतं. काही युरियात विरघळवून पाठवतात, काही प्रथिनाचा नुसता एक तुकडा असतात. ब्लॉटसाठी ते चालतं, ॲसेसाठी अजिबात नाही.

स्वतः बनवणार असाल तर प्लास्मिडसोबत साहित्य-हस्तांतरण करार येतो. अॅडजीनसारख्या प्लास्मिड-भांडारातून मागवतानाही तो भरावा लागतो आणि संस्थेच्या अधिकाऱ्याची सही लागते, तुमच्या गाइडांची पुरत नाही. शिवाय आपल्याकडे रिकॉम्बिनंट डीएनएचं काम १९८९ च्या नियमांखाली येतं, त्यामुळे ते संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवावं लागतं. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक सूचना-पुस्तिका लॅबमध्ये असतेच, नसेल तर उतरवून घ्या. ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी जातींमध्ये असं साधं मानवी प्रथिन बनवणं सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गात मोडतं. तरी कागद आधी आणि कल्चर नंतर, हा क्रम पाळा. समितीची बैठक महिन्यातून एकदासुद्धा होईलच असं नाही.

सरकारी संस्थेत असाल तर जेम या सरकारी खरेदी-पोर्टलवर वस्तू नसल्याचा अहवाल आणि एकमेव पुरवठादार असल्याचं प्रमाणपत्र लागतं का, ते स्टोअर विभागाशी आधीच बोलून घ्या. तिथल्या माणसांशी नम्रपणे बोला, त्यांना हे कागद आपल्यापेक्षा चांगले कळतात.

३. पार्सल कधी पोहोचेल ते तुम्हीच ठरवा

आमचं एक पार्सल गणपतीच्या सुट्ट्यांत आलं. कुरियरने ते गेटवर दिलं, गेटवरून ते स्टोअरमध्ये गेलं आणि तिथे तीन दिवस राहिलं. उघडलं तेव्हा कोरडा बर्फ उडून गेला होता आणि ट्यूब खोलीच्या तापमानाला होती. बॉक्सवर ‘−८०’ चा लाल स्टिकर मात्र तसाच होता.

तेव्हापासून मी पुरवठादाराला लिहून कळवते की माल मंगळवार ते गुरुवार याच दिवशी पोहोचेल असा पाठवा. गौरी-गणपती, दिवाळी आणि मार्चअखेर टाळते. बॉक्स उघडताच बर्फ किती उरलाय त्याचा फोटो काढते, तारीख-वेळ दिसेल असा. तक्रार करायची वेळ आली तर तोच कामी येतो.

४. ट्यूब उघडण्याआधी

पावडर असेल तर आधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडं फिरवा, कारण ती झाकणाला चिकटलेली असते. सांगितलेल्याच बफरमध्ये विरघळवा, बर्फावर, हलक्या हाताने. व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळू नका.

द्रव असेल तर बर्फावर वितळू द्या आणि लगेच १०–२० मायक्रोलिटरचे अॅलिकॉट (छोटे वाटे) करा. ते द्रव नायट्रोजनमध्ये झटक्यात गोठवा आणि −८० ला ठेवा. एक अॅलिकॉट एकदाच वितळवायचा, उरलेलं फेकायचं. पैशाकडे बघून जीव तुटतो, पण पुन्हा गोठवलेल्या प्रथिनाने जो आठवडा वाया जातो तो महाग पडतो. आपोआप बर्फ वितळवणारे घरगुती प्रकारचे फ्रीज या कामाला नकोत, त्यांत तापमान सतत वरखाली होतं.

वापरायच्या दिवशी वितळलेला अॅलिकॉट ४ अंशांवर दहा मिनिटं जोरात फिरवा आणि वरचाच द्रव घ्या. तळाशी पांढरा ठिपका दिसला तर संहती पुन्हा मोजा. लेबलवरचा आकडा आता खरा नाही.

५. स्वतः बनवत असाल तर

पद्धत नेहमीचीच आहे: बीएल२१ पेशी (ई. कोलायची एक जात), हिस-टॅगचं प्लास्मिड, कमी आयपीटीजी (पेशीला प्रथिन बनवायला लावणारं रसायन), १८ अंशांवर रात्रभर, मग निकेल कॉलम (हिस-टॅगला धरून ठेवणारा) आणि शेवटी जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणं). हे सगळं तुमच्या लॅबच्या वहीत असेल. मी फक्त तिथे न लिहिलेल्या गोष्टी सांगते.

निकेलच्या कॉलमवर ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) नेऊ नका, तो निकेलच काढून घेतो. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) घालायच्या प्रोटिएज-रोधक गोळीत ईडीटीए असतो का ते वाचा. डीटीटी या क्षपणकारकाने कॉलम तपकिरी पडतो. पीएमएसएफ हा प्रोटिएज-रोधक विषारी आहे आणि पाण्यात लवकर निकामी होतो, म्हणून अगदी शेवटी घाला, हातमोजे घालून.

जेलवर ७० किलोडाल्टनजवळ फिकट पट्टी दिसली तर तिच्याकडे काणाडोळा करू नका. ती बहुतेक वेळा ई. कोलायचा स्वतःचा शॅपरोन डीएनएके असते आणि तो स्वतःच एटीपी तोडतो! तुम्ही एटीपीएज मोजणार, आणि पाहुणा आपलाच आकडा तुमच्या खात्यात भरणार. कॉलमवर प्रथिन असतानाच एटीपी आणि मॅग्नेशियम घातलेल्या बफरने धुतलं की तो बराचसा निघून जातो.

टॅगबद्दल: जीएसटी टॅग २६ किलोडाल्टनचा असतो आणि त्याची जोडी जमते. एचएसपी९० सुद्धा जोडीनेच असतो. दोन जोड्या एकमेकींना भिडल्या की बाइंडिंग खऱ्यापेक्षा घट्ट दिसतं. शक्यतो हिस-टॅग घ्या आणि शक्य असेल तर तोही कापून टाका. या प्रथिनाचं सुरुवातीचं टोक कामाचं आहे, तिथे अनोळखी शेपूट कशाला ठेवायची?

६. शुद्धता म्हणजे काम नव्हे

कूमासी जेलवर एकच सुबक पट्टी आली की मन भरून येतं. मलाही आलं होतं. पण जेलवर प्रथिन एसडीएस या डिटर्जंटने उलगडून ठेवलेलं असतं. घडी चुकलेलं प्रथिन आणि बरोबर घडीचं प्रथिन तिथे सारखंच दिसतं. त्यामुळे जेलनंतर निदान दोन गोष्टी करा.

एक, जेल फिल्ट्रेशन. आहा-वन एकटं असतं, ते त्याच्या आकाराच्या जागीच उतरलं पाहिजे. सुरुवातीलाच, व्हॉइडमध्ये (कॉलममध्ये न अडकता आधी उतरणाऱ्या भागात) मोठा ढीग आला तर प्रथिनाचे गुठळे झालेत.

दोन, संहती नीट मोजा. टॅगसकट क्रम प्रोटपॅराम या ऑनलाइन साधनात घाला, शोषणांक घ्या आणि २८० नॅनोमीटरला मोजा. २६० ही बघा, म्हणजे डीएनए चिकटलाय का ते कळतं. ब्रॅडफर्ड या रंग-चाचणीचा आकडा बीएसए या प्रमाण म्हणून वापरायच्या प्रथिनाच्या तुलनेत असतो, तो आपल्या प्रथिनाला जसाच्या तसा लागू पडत नाही.

७. खरी परीक्षा: एटीपीएज ॲसे

आहा-वन स्वतः एटीपी तोडत नाही. तो एचएसपी९० कडून तोडून घेतो. म्हणून या प्रथिनाची परीक्षा त्याच्या जोडीदारासोबतच होते, एकट्याची होत नाही. आणि मानवी एचएसपी९० फार संथ आहे, यीस्टच्या भावंडापेक्षा साधारण दहापट. मिनिटाला ०.०५ अशी गती धरली तर एका रेणूला एक एटीपी तोडायला वीस मिनिटं लागतात. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, मग पुढची सगळी काळजी का घ्यायची ते कळेल.

सर्वात जास्त वापरतात ती पद्धत अशी: एटीपी तुटून एडीपी झाला की पायरुव्हेट कायनेज त्याचा पुन्हा एटीपी करतो, त्यातून पायरुव्हेट निघतं, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज ते वापरताना एक एनएडीएच (३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारा रेणू) खर्च करतो. दर एटीपीमागे एक एनएडीएच, आणि ३४० नॅनोमीटरचं शोषण खाली येतं. एनएडीएचचा शोषणांक ६२२०.

आता आकडे घालून बघा. ५ मायक्रोमोलर एचएसपी९०, गती ०.०५, तासाभरात १५ मायक्रोमोलर एटीपी तुटणार. एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये शोषण ०.०९ ने उतरेल. प्लेटमधल्या शंभर मायक्रोलिटरमध्ये प्रकाशाचा मार्ग जेमतेम ०.३ सेंटिमीटर, म्हणजे उतार ०.०३ च्या आसपास. प्लेट रीडर हळूहळू तापताना होणारा बदलही कधी कधी एवढा असतो! म्हणून प्लेट आणि मिश्रण ३७ अंशांवर आधी वीस मिनिटं ठेवा, बाष्पीभवन होऊ नये म्हणून सील लावा, आणि पहिली दहा मिनिटं हिशोबात धरू नका.

बफर साधारण असा: ४० मिलिमोलर हेपीस पीएच ७.५, २० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, २ मिलिमोलर एटीपी, ०.२ मिलिमोलर एनएडीएच, पीईपी (ज्यातून पायरुव्हेट निघतं तो पदार्थ) आणि दोन्ही एन्झाइम. मीठ जाणूनबुजून कमी ठेवलंय. आहा-वन आणि एचएसपी९० ची पकड मीठ वाढलं की सैल होते. इथेच मी सहा आठवडे अडकले. माझं आहा-वन काहीच करत नव्हतं. प्रथिन मेलं असं समजून मी दोनदा नव्याने बनवलं. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका ताईने विचारलं, ‘एन्झाइमची बाटली कसली आहे?’ पायरुव्हेट कायनेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज अमोनियम सल्फेटमध्ये मिळतात, आणि ते सगळं मीठ मी दर वेळी ॲसेत ओतत होते. शिवाय माझं आहा-वन ३०० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये होतं. ग्लिसरॉलमधली एन्झाइमं घेतली, दोन्ही प्रथिनं ॲसे-बफरमध्ये डायलिसिस केली आणि त्याच जुन्या अॅलिकॉटने गती कित्येक पट वाढवली. प्रथिन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं.

हे कंट्रोल प्रत्येक प्लेटवर लावा, एकही गाळू नका:

– एकटं एचएसपी९०
– एकटं आहा-वन, सर्वात जास्त संहतीचं. इथे गती दिसली तर डीएनएकेसारखा पाहुणा आहे.
– दोन्ही, आणि सोबत एचएसपी९०-रोधक. उरलेली गती पार्श्वभूमी म्हणून वजा करा.
– दोन्ही, आणि रोधकाच्या जागी तितकंच डीएमएसओ (रोधक ज्यात विरघळवतात ते द्रावक)
– एचएसपी९० आणि तितकंच बीएसए
– शेवटी एका वेलमध्ये ५० मायक्रोमोलर एडीपी. शोषण झटकन उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर तुमची जोड-एन्झाइमंच झोपली आहेत, एचएसपी९० ला दोष देऊ नका.

रोधकाबद्दल एक सूचना: जेल्डानामायसिन हा रोधक थायॉलशी (डीटीटीत असतो त्या गंधकाच्या गटाशी) जुळतो. बफरमध्ये भरपूर डीटीटी असेल तर त्याचा भरवसा नाही. ल्युमिनेस्पिबसारखा रोधक असेल तर तो वापरा.

परवडत असेल तर ई६७के हा म्यूटंटही (६७ वं अमिनो आम्ल बदललेलं आहा-वन) बनवा. तो एचएसपी९० ला नीट धरत नाही, त्यामुळे ‘प्रथिन तेच, पकड नाही’ असा उत्तम कंट्रोल मिळतो.

मॅलाकाइट ग्रीनने फॉस्फेट मोजणार असाल तर पीबीएसमध्ये साठवलेलं प्रथिन वापरूच नका. पीबीएस म्हणजे फॉस्फेटच. प्रथिन घातल्या क्षणी वेल हिरवी होते. आमच्याकडे एका मुलाने त्या हिरव्या रंगाला ‘प्रचंड ॲक्टिव्हिटी’ म्हणून लॅब मीटिंगमध्ये दाखवलं होतं, आणि त्याला मध्येच थांबवताना सगळ्यांनाच वाईट वाटलं.

८. पेशींवर घालण्याआधी

आहा-वन पेशीच्या आत काम करतं. मीडियमवर ओतलेलं प्रथिन आपोआप पेशीत शिरत नाही. पेशीत त्याचं काम बघायचं असेल तर प्लास्मिडने वाढवा किंवा एसआयआरएनएने (जीन दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी करा. रिकॉम्बिनंट प्रथिन लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) पुल-डाउनसाठी, म्हणजे जोडीदार प्रथिनं ओढून काढायला, वापरा, तिथे ते छान काम देतं.

तरीही मीडियमवर घालायचंच असेल तर एंडोटॉक्सिन तपासा. ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनासोबत त्याच्या भिंतीतलं एलपीएस येतं, आणि मॅक्रोफेजसारख्या पेशी त्यानेच खवळतात. साधी चाचणी: प्रथिनाचा एक भाग उकळा. उकळल्यावर प्रथिन मरतं, एलपीएस बहुतांश टिकतं. उकळलेल्यानेही तोच परिणाम दिसला तर तो आहा-वनचा नव्हता.

आणखी एक: ई. कोलाय मानवी पेशीसारखं फॉस्फोरिलेशन करत नाही. पेशीत सी-एबल हा कायनेज आहा-वनच्या २२३ व्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतो आणि त्याने एचएसपी९० शी नातं बदलतं. तुमच्या ट्यूबमध्ये ते फॉस्फेट नाही. निष्कर्ष लिहिताना हे वाक्य घाला. दुसऱ्या को-शॅपरोनवर, सीडीसी३७ वर, जाणार असाल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण त्याच्या १३ व्या सेरिनवरचं फॉस्फेट कायनेज सांभाळण्यासाठी लागतं आणि ई. कोलायमध्ये ते सीके२ या कायनेजसोबत बनवल्याशिवाय येत नाही.

ट्यूबवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं. माझ्या आत्याला कॅन्सर झाला तेव्हा घरच्यांनी मला विचारलं होतं, ‘तू करतेस त्यातलं काही देता येईल का?’ तुम्हालाही कुणीतरी विचारेल. हे औषध नाही, माणसासाठी निर्जंतुक केलेलं नाही, आणि ज्याला आपण रोखू पाहतो त्याच यंत्राला ते वेग देतं. हे त्यांना शांतपणे, वेळ काढून सांगा आणि त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा.

९. लॉट बदलताना

जुना लॉट संपत आला की शेवटचे तीन अॅलिकॉट बाजूला काढा, त्यावर लाल खूण करा आणि कुणालाही देऊ नका. नवा लॉट आला किंवा नव्याने बनवला की त्याच प्लेटवर, त्याच एचएसपी९० सोबत जुना आणि नवा शेजारी शेजारी लावा. वहीत लॉट नंबर, शुद्धीकरणाची तारीख, बफर, संहती आणि त्या दिवसाची एकट्या एचएसपी९० ची गती लिहा. दोन लॉटमध्ये फरक दिसला तर सर्वात आधी दोन्हींच्या बफरमधलं मीठ तपासा.